कृश देहातील मेद



मधुमेही म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीकडे झुकलेला, स्थूल, बैठ्या व्यवसायाचा गृहस्थ उभा राहतो. कोलेस्टेरॉलची तपासणीही आपण त्यालाच सुचवितो. इन्सुलिनवर जगणाऱ्या सडपातळ मुलामुलींच्या रक्तातील मेदाचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. ही उणीव दूर झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

देवरीकडील अकरावीत शिकणारी एक मुलगी वडिलांसह माझ्या चिकित्सालयात आली. देहयष्टी कृश; बालपणापासून इन्सुलिन सुरू. तपासणीत रक्तरस दुधाळ दिसला व ट्रायग्लिसराईड पुष्कळ वाढलेले आढळले. "गुग्गुळाचा एखादा कल्प द्या डॉक्टरसाहेब, म्हणजे इन्सुलिनही कमी करता येईल," ही वडिलांची अपेक्षा. शांतपणे विचारता उलगडा झाला की, वसतिगृहात मैत्रिणींसमोर टोचून घेण्याची लाज वाटत असल्याने ती रात्रीची मात्रा चुकवीत होती. मी कल्प दिला नाही. तिच्या तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलून मात्रा नियमित करविली. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराईड जवळजवळ प्राकृत झाले.

यामागील कार्यकारणभाव सरळ आहे. इन्सुलिन शरीरातील साठविलेल्या मेदाचे विघटन आवरून धरते आणि रक्तातील ट्रायग्लिसराईडचा निचरा करणाऱ्या एन्झाइमला चालना देते. ते अपुरे पडले की मेद रक्तात साचतो. म्हणून पहिला उपचार मेदनाशक औषध नव्हे, तर पुरेसे व नियमित इन्सुलिन होय.

आपल्या शास्त्राला हे परके नाही. सुश्रुतांनी सहज आणि अपथ्यनिमित्तज असे प्रमेहाचे दोन भेद सांगून पहिल्यातील रुग्ण कृश असतो, हे नोंदविले आहे. चरकांनीही कृश प्रमेह्यास बृंहण सांगितले आहे. अशा वाढत्या वयाच्या मुलांना लंघन घडविणे शास्त्रविरुद्धच ठरेल.

गुग्गुळाविषयीही प्रामाणिक राहू या. २००३ साली अमेरिकेत कोलेस्टेरॉल वाढलेल्या प्रौढांवर झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल घटण्याऐवजी किंचित वाढले. तेवढ्याने गुग्गुळ निरुपयोगी ठरत नाही. पण मुलांच्या बाबतीत त्यावर विसंबण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

मग आपले कर्तव्य कोणते? निदानानंतर साखर स्थिरावली की, वयाच्या अकराव्या वर्षापासून लिपिड तपासणी व्हावी. ती प्राकृत असल्यास दर तीन वर्षांनी पुन्हा करावी. घराण्यात अल्पवयात हृदयविकार झाला असल्यास त्याहूनही आधी. एलडीएल १०० मि.ग्रॅ.च्या वर असेल तर साखरेचे नियंत्रण, आहार व व्यायाम यांकडे लक्ष द्यावे. आपल्या भातप्रधान जिल्ह्यात भाताचे माप ठरविणे आणि वनस्पती तूप व तळीव पदार्थ कमी करणे, हे पथ्य आपल्याइतके आपुलकीने दुसरे कोण समजावील? एवढे करूनही एलडीएल १३० च्या वरच राहिले, तर दहा वर्षांवरील मुलांसाठी स्टॅटिनचा निर्णय तज्ज्ञांवर सोपवावा.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. 'इन्सुलिन सोडा' असे सांगणारे चूर्ण दुकानात ठेवू नका. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेच. पण टाईप १ च्या मुलाचे इन्सुलिन थांबले तर काही दिवसांतच प्राण जाऊ शकतो, ही जाणीव कायद्याहून मोठी असावी. पैशांअभावी मात्रा चुकत असेल, तर नागपूरच्या ड्रीम ट्रस्टसारख्या, गरीब मुलांना इन्सुलिन पुरविणाऱ्या संस्थेची वाट दाखवा.

१९२२ पूर्वी ही मुले जगतच नसत. आज ती जगतात, शिकतात, संसार थाटतात. त्यांची धमनी चाळिशीत रुद्ध होऊ नये, यासाठी पुढच्या वेळी असे कृश मूल समोर बसले की दोनच प्रश्न अवश्य विचारा: "एखादी मात्रा चुकते का?" आणि "लिपिड शेवटचे केव्हा तपासले?"