बाळंतीण सुखरूप आहे का?

मराठी समीक्षेला प्रसववेदना फार प्रिय आहेत. संग्रहाची प्रस्तावना असो वा प्रकाशन समारंभातले भाषण, निर्मितिप्रक्रियेची गोष्ट निघाली की कवीला कळा येतात, कविता जन्मते आणि टाळ्या पडतात. रूपक तेथेच संपते. ज्या देहावरून ते उचलले, त्या देहाचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. आमचा आक्षेप रूपकाला नाही, ते अर्ध्यावर सोडून देण्याला आहे.

वार पडल्यावर गर्भाशयात एक मोठी जखम उघडी राहते. ती भरण्यासाठी शरीर दाह पेटवते. या दाहाची सुरुवात खरे तर प्रसूतीच्या आधीच झालेली असते. पांढऱ्या पेशी गर्भाशयाच्या मुखात शिरतात, ते मऊ करण्यास हातभार लावतात. बाळंतपणानंतर या पेशींची रक्तातील संख्या, एरवी आजाराची शंका यावी, इतकी वाढलेली असते. सुमारे एक किलो वजनाचे गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते. गरोदरपणी शमलेला आमवात पुष्कळदा याच काळात उसळतो. हा सारा देहाचा स्वाभाविक व्यवहार आहे. पण याच जखमेत जंतुसंसर्ग झाला की दाह जीवघेणा होतो. कोणता दाह भरून काढणारा आणि कोणता मारणारा, हे वेळीच ओळखायचे तर बाळंतिणीने सांगावे लागते आणि कोणी तरी ऐकावे लागते. भाषेचा संबंध येथे येतो.

मेरी वुलस्टनक्राफ्टचा १७९२ सालचा स्त्रीहक्कांवरील ग्रंथ आपण शिकवतो. तिच्या मुलीची १८१८ सालची ‘फ्रँकेन्स्टाइन’ही शिकवतो. या दोन पुस्तकांच्या मध्ये ऑगस्ट-सप्टेंबर १७९७ मधले अकरा-बारा दिवस आहेत. वार सुटली नाही म्हणून डॉक्टरने ती हाताने तुकड्यातुकड्यांनी काढली, हुडहुडी भरली, ताप चढला आणि १० सप्टेंबरला वुलस्टनक्राफ्ट गेली. पती विल्यम गॉडविनने ते दिवस पुढच्याच वर्षी तपशिलाने लिहून ठेवले. वर्गात मात्र आपण ‘प्रसूतीनंतर निधन’ एवढे सांगून पान उलटतो.

सूतिकाज्वराचा इतिहास हा एका परीने अलंकारशास्त्राचाही इतिहास आहे. १८४३ मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स याने हा ज्वर डॉक्टरांकडून पसरतो असे मांडले, तेव्हा फिलाडेल्फियाच्या चार्ल्स मीग्ज या प्राध्यापकाचा युक्तिवाद असा होता की डॉक्टर सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात. ‘स्वच्छ’ या शब्दाचा लक्ष्यार्थ वाच्यार्थावर असा चढून बसला. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने हात क्लोरीनच्या पाण्याने धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले, तरी बहुतेक वैद्यकविश्वाने त्याला मानले नाही. त्या बायकांचे मरण लांबवण्यात एका शब्दाच्या निष्काळजी वापराचाही वाटा होता.

त्याच फिलाडेल्फियात १८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. चौदाव्या वर्षी बाळंत झालेल्या आणि दहा दिवसांत मूल गमावलेल्या बाईने हाच विषय निवडावा, याकडे वाङ्मयीन कुतूहलाने किती जणांनी पाहिले? आपल्याला ‘पहिली स्त्री डॉक्टर’ एवढे बिरुद पुरते.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे वैद्यकाचे पाठ्यपुस्तक नव्हे. मान्य. पण कळा उसन्या घेताना ही अडचण कोणाला आठवली नव्हती! शिवाय रूपक निरुपद्रवीही नाही. वेदनेचे सार्थक अपत्यात होते, असे ते शिकवते. अपत्य हाती आल्यावर उरलेला ताप मग तक्रार ठरतो, आणि ‘बाळंतपणात असे व्हायचेच’ या वाक्याखाली दडपला जातो. आजही हे वाक्य घराघरांत ऐकू येते, आणि त्यापायी बाईला दवाखान्यात न्यायला उशीर होतो.

आपली बोलभाषा याबाबतीत समीक्षेपेक्षा शहाणी आहे. ती ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ असे दोघांचे वर्तमान एकत्र देते. शेक-शेगडी, धुरी, सव्वा महिना ही तिची परिभाषा आहे. त्यातले सारेच उपचार हितकर होते असे नव्हे, पण प्रसूतीनंतरही काही चालू राहते, एवढे तिला ठाऊक होते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत यापुढे ‘निर्मितीच्या प्रसववेदना’ आल्या, तर समासात एवढेच लिहावे: बाळंतीण कशी आहे?