गोंगाटाचे वकील

रायडर चषकाची स्पर्धा तीन दिवसांत संपते. तिच्यावरचा वाद मात्र पुढची स्पर्धा येईपर्यंत पुरतो. अमेरिका आणि युरोप यांचे प्रत्येकी १२ गोल्फपटू दर दोन वर्षांनी २८ गुणांसाठी समोरासमोर येतात. २०२५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक या मैदानावर युरोपने १५–१३ असा विजय मिळवला. पण त्या विजयाविषयी चाहते बोलू लागले की गुणांचा विषय चार वाक्यांत आटोपतो आणि गाडी प्रेक्षकांवर येते. रॉरी मॅकिलरॉय चेंडूपाशी उभा राहिला की त्याच्यावर शिव्यांचा वर्षाव होई. पहिल्या टीवरील निवेदिकेनेच त्याच्याविरुद्धच्या अर्वाच्य घोषणेत आपला सूर मिसळला आणि तिला ते काम सोडावे लागले. गर्दीतून आलेला पेयाचा एक पेला त्याच्या पत्नीच्या टोपीवर आदळला. एकदा तर मॅकिलरॉय चेंडूपासून मागे सरला, ओरडणाऱ्यांना त्यांच्याच भाषेत गप्प बसायला सांगितले, आणि मग चेंडू झेंड्याजवळ नेऊन ठेवला.

यावर चाहत्यांत जे दोन पक्ष पडले आहेत त्यांतला पहिला गोंगाटाच्या वकिलांचा. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. सामना सांघिक आहे, अस्मितेचा आहे; घरच्या मैदानाचा लाभ प्रत्येक खेळात असतो; फुटबॉलच्या मैदानावर कोण गप्प बसतो? शिवाय २०२३ साली रोममध्ये पॅट्रिक कॅन्टले बोडक्या डोक्याने खेळला तेव्हा युरोपीय प्रेक्षकांनी आपापल्या टोप्या हलवून त्याला चिडवलेच होते की. दुसरा पक्ष उसासे टाकणाऱ्यांचा. एके काळी हा सभ्य गृहस्थांचा खेळ होता, १९६९ साली जॅक निकलस होता, १९९९ साली ब्रुकलिनला सारे बिघडले, आणि आता तर काय, असे त्यांचे म्हणणे.

हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत असले तरी एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे, आणि माझे भांडण त्या एकमताशी आहे. गोल्फमधील शांतता हा शिष्टाचार आहे, असे दोघेही गृहीत धरतात. पहिल्यांना तो शिष्टाचार जुनाट वाटतो, दुसऱ्यांना मौल्यवान. माझ्या मते तो शिष्टाचार नाहीच. या खेळाची शांतता ही चेंडू किंवा काठीइतकीच खेळाच्या साधनांत मोडते. आणि ज्यांचा दिवस शब्द आणि मौन यांचा अर्थ लावण्यात जातो त्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना तरी हे पटायला हरकत नसावी.

रायडर चषक ‘मॅच प्ले’ पद्धतीने खेळतात. म्हणजे फटक्यांची एकूण बेरीज होत नाही. प्रत्येक होल हा स्वतंत्र सामना असतो, तो जिंकायचा, हरायचा किंवा बरोबरीत सोडायचा. या पद्धतीत एक विलक्षण तरतूद आहे. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू होलच्या जवळ पडला असेल तर ‘दिला’ एवढे म्हणून तुम्ही त्याला पुढचा फटका माफ करू शकता. चेंडू होलमध्ये गेलेला नसतो, तरी तो गेला असे धरले जाते. हे देणे परत घेता येत नाही आणि समोरच्याला नाकारताही येत नाही. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने ज्यांना कृतिरूप उच्चार मानले, म्हणजे जे बोलणे हेच करणे असते, त्यांचे याहून शुद्ध उदाहरण मला तरी ठाऊक नाही. त्याने १९५५ साली हार्वर्डमध्ये ती प्रसिद्ध व्याख्याने दिली. ब्रुकलिनचे मैदान तिथून फार दूर नाही, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.

खेळाडूचा एक शब्द चेंडूला न हलवता होलमध्ये पाठवतो, हे एकदा ध्यानात आले की त्या शब्दाभोवतीचे मौनही निराळे दिसू लागते. २०१५ च्या सोल्हाइम चषकात, म्हणजे याच दोन संघांच्या महिलांच्या स्पर्धेत, जर्मनीतील सांक्ट लेऑन-रोट येथे जे घडले ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सतराव्या होलवर अमेरिकेच्या ॲलिसन लीचा चेंडू फूट-दीड फुटावर थांबला. युरोपच्या सुझान पेटरसन आणि चार्ली हल ग्रीनवरून निघाल्यासारख्या दिसल्या. लीला वाटले, फटका दिला गेला. तिने चेंडू उचलला. पेटरसन म्हणाली, आम्ही काहीच म्हटले नव्हते. होल युरोपला मिळाला आणि पाठोपाठ तो सामनाही. मग अमेरिकेने १०–६ अशा पिछाडीवरून एकेरीचे सामने मारून चषकच नेला, आणि दुसऱ्या दिवशी पेटरसनने जाहीर माफी मागितली. पेटरसन नियमाने चूक नव्हती. तिने फक्त न उच्चारलेल्या शब्दाचा फायदा घेतला. २०१९ पासून लागू झालेल्या नियमावलीत याची दखल आहे. प्रतिस्पर्ध्याच्या बोलण्यावरून फटका दिला असा खेळाडूचा रास्त गैरसमज झाला आणि त्याने चेंडू उचलला, तर दंड नाही. चेंडू परत जागेवर ठेवायचा. खेळाच्या नियमपुस्तकाने श्रोत्याच्या आकलनाला स्थान द्यावे, हे आपल्याकडील कित्येक समीक्षकांपेक्षा पुढचे पाऊल म्हणायचे! असो.

आता गोंगाटाकडे वळू. क्रिकेटमध्ये चेंडू गोलंदाजाकडून येतो आणि फलंदाज त्याला उत्तर देतो. फुटबॉलमध्ये चेंडू थांबतो तो क्षणभर. गोल्फचा चेंडू निपचित पडलेला असतो. हालचाल सुरू करायची ती एकट्या खेळाडूने, स्वतःच्या आतल्या लयीने. ती लय मोडायला सततचा कोलाहल लागत नाही, एक नेमकी आरोळी पुरते. उलट सततच्या कोलाहलाचे फारसे बिघडत नाही, याचा पुरावा याच स्पर्धेत आहे. २०१२ साली शिकागोजवळच्या मेडिनाला बबा वॉटसनने पहिल्या टीवर हात उंचावून प्रेक्षकांना ओरडायला सांगितले आणि त्या गजरातच फटका मारला. मग युरोपच्या इयन पोल्टरनेही तेच केले. त्या आवाजाने कोणाचे नुकसान झाले नाही, कारण तो खेळाडूने मागितलेला होता आणि फटक्याच्या आधीपासून शेवटपर्यंत सलग होता. बेथपेजचा आवाज फटक्याच्या क्षणावर नेम धरून सोडलेला होता. ‘आवाज आवाजच’ असे म्हणणाऱ्यांनी हा भेद लपवला आहे. नेम धरून ओरडणारा प्रेक्षक मैदानात उतरलेला तेरावा खेळाडू असतो, फक्त त्याला कोणताही नियम लागू नसतो आणि चुकल्यास त्याचा गुण जात नाही. रोमच्या टोप्यांनी कॅन्टलेला खिजवले हे खरे. पण म्हणून टोपी हलवणे आणि काठी मागे गेली असताना किंचाळणे ही एक गोष्ट होत नाही.

‘घरच्या मैदानाचा लाभ’ या मुद्द्याचे उत्तर तर त्याहून सोपे आहे. तो लाभ या स्पर्धेत आधीच दिलेला आहे, आणि उघडपणे. मैदान कसे राखायचे, फेअरवे किती रुंद ठेवायचे, कडेचे गवत किती वाढू द्यायचे, यावर यजमान संघाचा शब्द चालतो. २०१८ साली पॅरिसजवळच्या ल गोल्फ नॅशनलवर युरोपने अरुंद फेअरवे आणि दाट गवत ठेवून लांब पण सैल फटके मारणाऱ्या अमेरिकनांची कोंडी केली आणि १७½–१०½ असा विजय मिळवला. हे डावपेच आहेत. त्यांवर टीका करता येते, प्रतिडाव टाकता येतो. आरोळीवर प्रतिडाव नाही.

वकिलांच्या भात्यातला एक बाण मात्र मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. तो असा, की ही शांतता मुळात वर्गीय आहे. क्लबांच्या बंद दारांआडची, ज्यांना आत घेतले नाही त्यांच्या अनुपस्थितीवर उभी राहिलेली. यात तथ्य आहे. रायडर चषकाचे अमेरिकन यजमानपद जिच्याकडे असते त्या पीजीए ऑफ अमेरिकाच्या घटनेत १९६१ सालापर्यंत केवळ श्वेतवर्णीयांनाच सदस्यत्व देणारे कलम होते. त्या काळच्या शांततेत किती जणांची तोंडे दाबलेली होती, हे विसरून तिचे गोडवे गाणे मला जमणार नाही. आणि बेथपेज हे राज्य सरकारच्या मालकीचे सार्वजनिक मैदान आहे. तिथे खेळण्याची पाळी मिळावी म्हणून सामान्य माणसे गाडीत रात्र काढतात. तेव्हा ‘लोकांच्या मैदानावर लोकांचा आवाज’ ही घोषणा ऐकायला छान वाटते. पण २०२५ साली सामन्याच्या एका दिवसाचे तिकीट सुमारे ७५० डॉलर होते. गाडीत झोपणारा माणूस त्या दोरीपलीकडे कितीसा होता? महागडे तिकीट काढून आलेल्यांच्या मद्यधुंद शिवीगाळीला लोकशाहीचा आवाज म्हणणे ही लोकांचीच थट्टा आहे. ज्यांना दार बंद होते त्यांना दारातून आत खेळायला जायचे होते; कुंपणावरून एखाद्याच्या बायकोवर पेला फेकणे ही त्यांची मागणी कधीच नव्हती.

उसासे टाकणाऱ्यांनाही सोडून चालणार नाही, कारण त्यांचा सुवर्णकाळ अर्धवट वाचलेल्या पानांचा आहे. १९६९ साली रॉयल बर्कडेलला शेवटच्या होलवर टोनी जॅकलिनचा दोन-अडीच फुटांचा फटका निकलसने माफ केला आणि स्पर्धा १६–१६ अशी बरोबरीत सुटली. तू चुकला असतास असे मला वाटत नाही, पण चुकण्याची संधी मी तुला देणार नव्हतो, अशा आशयाचे तो बोलला, हे सर्वश्रुत आहे. मागची पाने मात्र कोणी उलटत नाही. त्याच स्पर्धेत ब्रिटिश कर्णधार एरिक ब्राउनने आपल्या खेळाडूंना बजावले होते, की अमेरिकनांचा चेंडू गवतात हरवला तर शोधायला मदत करू नका. केन स्टिल आणि डेव्ह हिल यांचे ह्यूगेट–गॅलेकर जोडीशी मैदानावरच जोरदार वाजले होते. निकलसचे औदार्य त्याचा स्वतःचा कर्णधार सॅम स्नीड यालाच रुचले नाही. आणि बरोबरी झाली तरी आधीचा विजेता म्हणून चषक अमेरिकेकडेच राहणार होता, हेही जाता जाता लक्षात असू द्यावे. त्याच्याही मागे जायचे तर १९४७ साली हेन्री कॉटनने अमेरिकनांच्या काठ्यांवर संशय घेतला आणि १९४९ साली बेन होगनने तो हिशेब चुकता केला. भांडणे पहिल्यापासून होती. निकलसचा शब्द म्हणूनच मोठा. तो सौजन्याच्या वातावरणातून सहज उगवलेला नव्हता, तीन दिवसांच्या कटुतेत एकाने एकट्याने उच्चारलेला होता. त्याला ‘जुन्या काळची रीत’ म्हणणे म्हणजे निवडीला सवय ठरवणे.

१९९९ च्या ब्रुकलिनचेही तसेच. जस्टिन लेनर्डचा ४५ फुटांचा फटका सतराव्या होलवर आत गेला आणि अमेरिकन खेळाडू, त्यांच्या बायका, सगळे ग्रीनवर धावले. होसे मारिया ओलाथाबालचा फटका तेव्हा बाकी होता. तो गेला असता तर होल बरोबरीत सुटला असता. त्याला थांबावे लागले, आणि नंतर त्याचा फटका चुकला. लोक म्हणतात, शिष्टाचार मोडला. मी म्हणेन, अर्ध्या वाक्यात वक्त्याच्या तोंडावर हात ठेवला. आणि तो प्रेक्षकांच्याही आधी खेळाडूंनी ठेवला.

या वादात आपला म्हणावा असा एक धागा आहे. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा. लष्करी डॉक्टरांचा हा मुलगा २०१५ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे प्रेसिडेंट्स चषकात खेळला. ती स्पर्धा अमेरिका आणि युरोप वगळता उरलेले जग यांच्यात होते. एकेरीत ख्रिस कर्कशी त्याची बरोबरी चालली होती. अठराव्या होलवर कर्कने पंधरा फुटांवरून चेंडू आत घातला. लाहिरीपुढे चारेक फुटांचा फटका होता. कर्कने तो दिला नाही; द्यायचे कारणही नव्हते. लाहिरी चुकला, सामना गेला, आणि अमेरिकेने ती स्पर्धा १५½–१४½ अशी जिंकली. कर्कने निकलस व्हायला हवे होते, असे कोणी म्हटलेले माझ्या वाचनात नाही. लाहिरीनेही कोणाला बोल लावला नाही. तो फटका त्याचा होता, चूक त्याची होती. ती पूर्णपणे त्याची राहू शकली, कारण तिच्यात दुसऱ्या कोणाचा आवाज मिसळलेला नव्हता.

२०१६ च्या हेझल्टीन येथील स्पर्धेआधी सरावाच्या वेळी एक प्रेक्षक दोरीपलीकडून ओरडला, की हा फटका मीही घालीन. युरोपच्या खेळाडूंनी त्याला आत बोलावले, हाती काठी दिली, जस्टिन रोझने शंभर डॉलरची नोट जमिनीवर ठेवली. त्याने दहा-बारा फुटांवरून चेंडू सरळ आत घातला आणि दोन्ही बाजू हसल्या. मॅकिलरॉय तिथे होता. पुढची स्पर्धा २०२७ साली आयर्लंडमधील अडेअर मॅनरला ठरली आहे. तिथे प्रेक्षक त्याच्याच बाजूचे असतील, आणि बेथपेजला नावे ठेवणाऱ्यांतले पुष्कळसे त्या दोरीमागे उभे असतील.