जाहीर आवाहन : ‘नांदायला या’ हा कोर्टाचा हुकूम बंद व्हावा

लेकीबाळींच्या आईवडिलांनो, वकील मंडळींनो आणि गावोगावच्या तंटामुक्तीच्या पंचांनो,

मारहाणीला कंटाळून मुलगी माहेरी येते आणि थोड्याच दिवसांत वकिलाची नोटीस दारात पडते. मजकूर ठरलेला असतो, फक्त नावं बदलतात : आमच्या अशिलाची काहीही चूक नसताना आपण घर सोडून गेलात, तरी पंधरा दिवसांत नांदायला यावे. नाही गेली की हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावा. हे कलम रद्द व्हावं, यासाठी हे आवाहन आहे.

हाच दावा १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाईंवर मुंबई हायकोर्टात लावला होता. लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि सासरी त्या कधी नांदल्याच नव्हत्या. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. हा दावा मुळात इंग्लंडच्या कायद्यातला, हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, हेही त्यांनी सांगितलं. तरी धर्म बुडाल्याची ओरड झाली आणि टिळकांचा ‘केसरी’ त्यात पुढे होता. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. व्हिक्टोरिया राणीने हे लग्न मोडलं असं अजून सांगितलं जातं. प्रत्यक्षात प्रकरण मिटलं ते १८८८ मध्ये, दादाजींना दोन हजार रुपये मोजून. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी बायकांचे दवाखाने चालवले.

सप्टेंबर १९५५ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला आणि तोच दावा त्यात कलम ९ होऊन बसला!

इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये काढून टाकला. आपल्याकडे आंध्र प्रदेश हायकोर्टाने १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. २०१९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं. मात्र कायदा बदलायला संसदेला कोणाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

कोणी म्हणेल, टाकून दिलेल्या बायकाही हा दावा लावतात. लावतात, खरं आहे. पण हुकूमनामा हाती आला म्हणून नवरा दार उघडत नाही. फार तर त्याच्या मालमत्तेवर जप्ती येते. तिला खरी गरज असते पोटगीची आणि डोक्यावर छपराची. त्यासाठी पोटगीची तरतूद आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहेच.

कलम रद्द होईपर्यंत एवढं करा. नोटीस आली तर घाबरून मुलीला परत पाठवू नका आणि नोटीस फडताळात टाकूनही देऊ नका. कोर्टाचं समन्स आल्यावर हजर राहिलं नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होतो. घर का सोडलं ते लेखी सांगा, दवाखान्याचे कागद जोडा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ‘हुकूमनामा मोडला, आता पोटगी नाही’ असं कोणी बजावलं तर विश्वास ठेवू नका. एवढ्याच कारणाने पोटगी नाकारता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पंचांनो, समेट जरूर घडवा, पण मुलीचं म्हणणं तिच्याच तोंडून, सासरची माणसं समोर नसताना ऐका.

आणि प्रत्येकाने आपल्या खासदाराला एक पत्र लिहा : हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ आणि विशेष विवाह कायद्याचं कलम २२ रद्द करा. २२ नोव्हेंबर हा रखमाबाईंचा जन्मदिवस. त्याआधी पत्र टपालात पडू द्या आणि त्याची प्रत आपल्या आमदारालाही द्या.