एक पंखा पट्ट्यावर, दुसरा धुरावर

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालात की थोड्याच वेळात आंबेनळी घाट लागतो. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि खाली पोलादपूर, महाडकडे धावत येते. तिला उतारच उतार! आपल्या गाडीला मात्र उलटं करायचं असतं. चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळजवळ १३७० मीटर उंची गाठायची. पाठीवर सामान, आत माणसं, आणि समोर एकामागून एक वळणं.

या चढावर इंजिनाला दम का लागतो, ठाऊक आहे? एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल टाकीत आहेच हो, पण हवा? ती इंजिन बाहेरूनच ओढून घेतं. आणि महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत ही हवा पोलादपूरच्या मानाने साधारण आठव्या भागाने विरळ झालेली असते. म्हणजे जिथे ताकद जास्त हवी, तिथेच इंजिनाचा श्वास अपुरा पडतो.

मग इंजिनात हवा दाबून भरली तर? लोहार भात्याने वारा घालतो, तशी! यासाठी दोन युक्त्या आहेत.

पहिली सुपरचार्जरची. हा हवा दाबणारा पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये असा एक पंप बनवला होता. तो भट्टीला वारा घालायच्या कामी आला. मोटारगाड्यांत तो पुढे शिरला. त्याचा गुण असा, की इंजिन फिरलं की तो फिरलाच. ॲक्सिलरेटर दाबा, हवा हजर! पण तो फुकट काम करत नाही, बरं का. इंजिनाच्या कमाईतलाच वाटा तो खातो.

दुसरी युक्ती टर्बोचार्जरची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून जो गरम धूर आपण वाया घालवतो, त्याच्या जोरावर एक छोटं चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबायची. हे चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतं! पट्टा नाही, आणि शक्तीही बरीचशी वाया जाणाऱ्या धुरातली. मग अडचण कुठे आहे?

कागदाचं भिरभिरं घ्या आणि हलकेच फुंका. ते जागचं हलत नाही. जोरात फुंकलंत तरी क्षणभर अडखळतं, मग गरगरा फिरतं. टर्बोचं अगदी असंच आहे. घाटातल्या आवळत्या वळणावर गाडी मंदावते, इंजिनाचे फेरे कमी होतात, धूर कमी होतो आणि चक्रही सुस्तावतं. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो आणि वाट बघतो. ताकद येते, पण उशिरा, आणि आली की एकदम येते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर चाक वळलेलं असताना ही गंमत नसते. समोरून एसटी येत असेल तर मुळीच नाही.

तर एक तत्पर पण खर्चिक आणि दुसरा काटकसरी पण आळशी. दोघांना एकाच इंजिनावर बसवलं तर?

इटलीच्या लॅन्सिया कंपनीने १९८५ मध्ये ‘डेल्टा एस-फोर’ या शर्यतीच्या गाडीत तसंच केलं. इंजिन जेमतेम १७५९ घन सेंटिमीटरचं, पण ताकद साडेचारशे अश्वशक्तीच्या वर! त्याच वर्षी ब्रिटनमधल्या आरएसी रॅलीत ही गाडी पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत उतरली आणि फिनलंडचा हेन्री टोइव्होनेन तिच्यावर जिंकला. पण पुढच्याच वर्षी, २ मे १९८६ ला, कॉर्सिका बेटावरच्या वळणाच्या डोंगररस्त्यावर त्याची गाडी कड्याखाली गेली आणि पेटली. टोइव्होनेन आणि त्याचा साथीदार सेर्जो क्रेस्तो दोघेही गेले. इतक्या जबर ताकदीच्या त्या वर्गातल्या गाड्या १९८७ पासून जागतिक रॅलीतून बंद झाल्या.

रोजच्या वापराच्या गाडीत ही जोडी शहाण्यासारखी वापरली ती फोक्सवॅगनने, २००५ मध्ये. १३९० घन सेंटिमीटरच्या इंजिनातून १७० अश्वशक्ती! इंजिनाचे मिनिटाला २४०० फेरे होईपर्यंत जोराने ॲक्सिलरेटर दाबला की सुपरचार्जर कामाला हजर. २४०० ते ३५०० च्या मध्ये अचानक मागणी आली तरच तो हात लावतो. त्यापुढे चुंबकाचा क्लच सुटतो, सुपरचार्जर विसावतो आणि सगळा भार टर्बोवर. खो-खोमध्ये एकाने खो दिला की दुसरा उठतो ना, तसं.

मग सगळ्याच गाड्यांना अशी जोडी का नाही? दोन पंप, क्लच, जास्तीच्या नळ्या, झडपा. किंमत वाढते आणि बिघडायच्या जागाही वाढतात. महाडच्या हायवेवरच्या एखाद्या गॅरेजवाल्याला विचारा, बॉनेट उघडल्यावर त्याला काय बघायला आवडेल! शिवाय पुढे टर्बोची चक्रं लहान आणि हलकी झाली, ती लवकर जागी होऊ लागली. फोक्सवॅगननेही पुढे ही जोडी सोडून नुसता टर्बो ठेवला. मला स्वतःला हा निर्णय पटतो, पण ती खो देण्याची करामत फार आवडते.

आणि हीच करामत महाडजवळून धावलेली आहे, मोटारीत नव्हे, रेल्वेत! महाडला जवळचं कोकण रेल्वेचं स्टेशन वीर. या मार्गावर धावलेल्या डिझेल इंजिनांत ‘डब्ल्यूडीजी-४’ नावाचं ४००० अश्वशक्तीचं, सोळा सिलिंडरचं इंजिनही होतं. १९९९ मध्ये अशी पहिली इंजिनं अमेरिकेहून भारतात आली, मग वाराणसीला बनू लागली. ते आहे टू-स्ट्रोक. अशा इंजिनाला हवा ओढून घेण्यासाठी वेगळा फेरा नसतो. बाहेरून हवा दाबून मिळाली नाही, तर ते चालूच होणार नाही. आणि चालू होण्याआधी धूर कुठून आणायचा?

इथे दोन पंप नाहीत, एकच टर्बो दोन्ही कामं करतो. सुरुवातीला इंजिन त्याला दातेरी चाकांनी फिरवतं, म्हणजे तो सुपरचार्जर. भार वाढून धुराला पुरेसा जोर आला की चक्र दातेरी चाकांपेक्षा वेगाने पळू लागतं, मधला क्लच आपोआप सुटतो, आणि तो टर्बो होतो. कुणी बटण दाबावं लागत नाही.

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे वीरला आता बहुतेक गाड्या विजेच्या इंजिनानेच येतात. पण तो क्लच कसा सुटतो हे बघायला स्टेशनवर जायची गरज नाही. सायकल उलटी ठेवा, पेडल मारून मागचं चाक फिरवा आणि पेडल एकदम धरा. चाक टर्र-टर्र करत पुढे फिरतच राहील. ते फ्रीव्हील.