आगीला डोळे नसतात



परवा वह्या तपासताना एका वहीच्या शेवटच्या पानावर एक चित्र दिसले. पाठीवर टाकी बांधलेला शिपाई नळीतून आगीचा लोट सोडत होता. चित्र सुरेख होते. पण त्या आगीसमोर कोणीच काढलेले नव्हते. ती रिकामी जागा पाहून मी हे लिहायला बसलो.

आग फेकणाऱ्या शस्त्राचे आकर्षण फार जुने आहे. महाभारतात अग्न्यस्त्र आहे. आपल्या दास्तानांमध्ये तोंडातून ज्वाळा सोडणारा अझदहा आहे. फिरदौसीच्या 'शाहनाम्या'त तर सिकंदर लोखंडाचे पोकळ घोडे बनवून घेतो आणि त्यांत नफ्त, म्हणजे जमिनीतून निघणारे तेल, भरून पेटवतो. हिंदच्या राजाचे हत्ती होरपळून माघारी पळतात. ही सारी कवींची कल्पना. ती वाचताना मजा येते, कारण तिथे कोणी खरोखर जळत नाही.

इतिहासात मात्र माणसे जळाली. इ. स. ६७२ च्या सुमारास कल्लिनिकोस नावाचा कारागीर सीरियातून कुस्तुंतुनियाला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला गेला. नळीतून पेटते द्रव फेकण्याची युक्ती त्याने तिथल्या बादशहाला दिली. हीच 'ग्रीक आग'. ती पाण्यावरही जळत राही. ७१७-७१८ मध्ये अरबांनी त्या शहराला वेढा घातला, तेव्हा त्यांची कित्येक जहाजे या आगीत जळाली. पुढे अरब सैन्यातही नफ्त फेकणाऱ्या तुकड्या तयार झाल्या. एकाने आग हाती घेतली की दुसराही घेतो.

तिथल्याच अलेक्सियस बादशहाची मुलगी अ‍ॅना हिने वडिलांच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला आहे. शत्रूला अधिक धडकी भरावी म्हणून जहाजांवर सिंहांची व इतर जनावरांची धातूची तोंडे बसवली होती आणि आग त्यांच्या जबड्यांतून बाहेर पडे, असे ती सांगते. पाहा, माणसानेच आग फेकायची आणि तोंड मात्र जनावराचे लावायचे!

विसाव्या शतकात हे शस्त्र शिपायाच्या पाठीवर आले. ३० जुलै १९१५ रोजी बेल्जियममधील हूग येथे जर्मनांनी ते इंग्रज सैनिकांच्या खंदकांवर चालवले. १९४५ मध्ये इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिकांनी गुहांत लपलेल्या जपान्यांवर ते वापरले. ते चालवणाराही सुरक्षित नव्हता. पाठीवर जड टाकी घेऊन त्याला शत्रूच्या अगदी जवळ जावे लागे.

कोणी म्हणेल, गोळीने मेला काय आणि आगीने मेला काय, सारखेच! मला तसे वाटत नाही. तव्यावर बोट भाजले तरी रात्रभर झोप लागत नाही. मग सारे अंग पेटलेल्या माणसाचे काय होत असेल? आणि आगीला डोळे नसतात. लढणारा कोण आणि लपलेले मूल कोण, हे तिला दिसत नाही.

जगालाही हे उशिरा का होईना, उमगले. १९७८ मध्ये अमेरिकेने आपल्या सैन्यात या शस्त्राचा वापर थांबवला. १९८० मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या करारानुसार सामान्य नागरिकांवर आग लावणारी शस्त्रे चालवण्यास मनाई झाली. सैनिकांवर ती चालवण्यास मात्र सरसकट बंदी नाही. सैनिकही कोणाचा तरी मुलगा असतो. म्हणून हे काम माझ्या मते अर्धेच झाले आहे.

ज्याने ते चित्र काढले, त्याला माझे एवढेच सांगणे आहे. बाळा, चित्र फाडू नकोस. दास्तानाही खुशाल वाच. फक्त त्या रिकाम्या जागेत एक माणूस काढ. त्याला नाक, डोळे, हात दे. मग ती नळी त्याच्याकडे रोखलेली ठेवावीशी वाटते का, ते तूच ठरव.