दुरुस्ती झाली, हक्क गेले

"ऑपरेटरनं काहीतरी दाबलं असेल." ऑफिसातल्या सामायिक संगणकावर काही बिघडलं की आपल्याकडे चौकशी या वाक्यानं सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथंच संपते. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

वर्ध्याला चिकटून असलेल्या नालवाडीत एका छोट्या संस्थेचं संगणकाचं काम मी काही काळ बघत होतो. तीन संगणक, एक सामायिक फोल्डर आणि त्यात मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची एक फाइल. बचत गटांच्या हप्त्यांच्या सगळ्या नोंदी त्यात. फाइल जड झाली, अडखळायला लागली, म्हणून एका संध्याकाळी साहेबांनी स्वतःच्या लॉगिनवरून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या संगणकावर सगळं ठीक. बाकी दोन्हींवर फाइल उघडायची, पण एक आकडा बदलता येईना. रीड-ओन्ली.

बोट गेलं ते कंत्राटावरच्या ऑपरेटर ताईकडे. "मी काहीच नाही केलं जी, सर." "मग आपोआप झालं का?" चार दिवस हप्ते वहीत लिहिले गेले आणि तिचे चार दिवसांचे पैसे कापायची भाषा सुरू झाली.

आता खरं काय झालं ते पाहा. 'रिपेअर' हा शब्द फसवा आहे. अ‍ॅक्सेस जुनी फाइल जागेवर दुरुस्त करत नाही. ते त्याच फोल्डरात नवी फाइल तयार करतं, जुनीतला माल तिच्यात भरतं, जुनी पुसतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. नाव तेच, फाइल दुसरी. जुन्या फाइलवर कुणीतरी कधीकाळी 'या तिघांना लिहिण्याचा हक्क' असं वेगळं नोंदवलं असेल, तर तो हक्क जुन्या फाइलसोबत पुसला जातो. नव्या फाइलला फोल्डरचे नियम लागतात. आमच्या फोल्डरवर बाकीच्यांना फक्त वाचायचा हक्क होता. ताईनं काही दाबलंच नव्हतं.

शोधायला किती वेळ लागतो? क्रमानं गेलात तर अर्धा तास. आधी सगळ्यांनी फाइल बंद करायची. मग फोल्डरात 'एलएसीसीडीबी' शेपटीची कुलूप-फाइल मागे राहिली आहे का बघायचं. आत खरंच कुणी नसेल तर ती काढायची. मग फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीची खूण. मग सिक्युरिटीच्या पानावर कुणाला काय हक्क आहेत ते. शेवटी फोल्डर, कारण कुलूप-फाइल तिथंच तयार होते आणि तिथंच पुसली जाते. म्हणून प्रत्येकाला त्या फोल्डरात वाचणं, लिहिणं, नवी फाइल करणं आणि पुसणं, हे चारही हक्क लागतात. ते एकेका माणसाला आणि एकेका फाइलवर देऊ नका. एक गट करा आणि फोल्डरवर द्या. पुढची दुरुस्ती कुणीही केली तरी हक्क टिकतील. आणि दुरुस्तीआधी एक प्रत बाजूला ठेवा.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: सगळ्यांना हक्क दिले की घोळ होतो. होतो ना! पण त्यावर उपाय आहे. तक्ते एका फाइलमध्ये सामायिक फोल्डरात ठेवायचे आणि फॉर्म असलेली फाइल ज्याच्या त्याच्या संगणकावर. अ‍ॅक्सेस १९९२ मध्ये आलं. ही विभागणी काही कालची नाही. दुसरा आक्षेप तुमच्या पिढीचा: अजून अ‍ॅक्सेस कोण वापरतं, क्लाउडवर टाका. टाका की. पण ती शीट कुणाच्या खात्यावर आहे? कॉलेजच्या गॅदरिंगचा हिशोब एकाच्या जीमेलवर असतो, तो पास होऊन जातो आणि मागच्यांना दिसतं 'व्ह्यू ओन्ली'. रोग तोच: वस्तू सगळ्यांची, मालकी एका लॉगिनची.

नालवाडीत हे लिहिताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९३२ च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला गेले. पुढे भूदानातून ग्रामदान निघालं. त्यातली मांडणी साधी होती: जमिनीची मालकी गावाची, कसणारा मात्र तोच. ग्रामदान किती टिकलं, हा वेगळा वाद. पण मालकी कुणाची आणि काम कोण करतं, हे दोन प्रश्न वेगळे धरायचे, एवढं त्यातून एका फोल्डरपुरतंही आपण शिकलो नाही. आपल्या कार्यालयांत ज्याच्या हाती पासवर्ड तो मालक, आणि जी दिवसभर नोंदी करते ती संशयित.

ताईचे पैसे शेवटी कापले गेले नाहीत. माफी मात्र कुणी मागितली नाही. वहीतल्या चार दिवसांच्या नोंदी तिनंच संगणकात चढवल्या, जादा वेळ बसून.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या ऑफिसात फाइल अडली, तर "कुणी दाबलं?" हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: शेवटची दुरुस्ती कुणाच्या लॉगिनवरून झाली, आणि फोल्डरवर हक्क कुणाकुणाला आहेत? साहेबांनाही विचारा. त्यांना आधी विचारा.