न आलेला फोन

‘ब्रोकर कशाला पाहिजे, भाई? ॲपवर थेट मालकाशी बोलायचं.’ नोकरीसाठी मिरजेहून पुण्याला आलेला माझा मामेभाऊ मला समजावत होता. त्याला खराडीत, कंपनीजवळ घर हवंय. एक महिन्याचं भाडं ब्रोकरच्या हातावर का ठेवायचं? आणि त्याच्यासमोर बसून ‘नाव काय? नाही, पूर्ण नाव?’ हे तरी का ऐकून घ्यायचं? ॲपवर धर्माचा रकानाच नाही, म्हणाला.

रकाना नाही, हे खरंच आहे. पण त्यावरून भेदभाव नाही असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात, आणि ते साफ चुकीचं आहे.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या बायकोने असंच घर शोधलं. पैसे भरून प्लॅन घेतला, त्यात पंचवीस मालकांचे नंबर मिळणार होते. प्रोफाइलवर मी फक्त आडनाव टाकलं: इनामदार. हे आडनाव ब्राह्मणांत आहे, मराठ्यांत आहे आणि आपल्यातही आहे. पाटील, देशमुख आडनावाच्या आपल्या मित्रांना पुढे काय झालं ते सांगायला नको. फोन उचलले गेले. ‘बोला, इनामदारसाहेब!’ एका काकांनी गाव विचारलं, सांगलीकडचे म्हटल्यावर खूश झाले, रविवारी घर दाखवलं, चहा पाजला. टोकन देण्यासाठी मी आधार कार्डाचा फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या. मग ‘घरच्यांशी बोलून कळवतो’. दोन आठवड्यांनी पाहिलं तर जाहिरात तशीच झळकत होती, भाडं हजाराने कमी करून.

त्यानंतर मी पूर्ण नाव टाकलं, म्हटलं लपवाछपवी नको. तेव्हा चहा तर सोडाच, उत्तरं येणंही थांबलं. पंचवीस नंबर संपले. म्हणजे नकार मिळावा म्हणून मी आगाऊ पैसे भरले होते.

हा माझा एकट्याचा योगायोग नाही. सौगतो दत्ता आणि विक्रम पठानिया या अभ्यासकांनी दिल्ली आणि आसपासच्या भागात अशाच एका मोठ्या साइटवर प्रयोग केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या नावांनी घरमालकांकडे चौकशी पाठवायची आणि कोणाला उलटा फोन येतो ते मोजायचं. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला स्पष्टपणे कमी फोन आले. तिथे मध्ये कोणी ब्रोकर नव्हता. ज्याला आपण ‘थेट मालक’ म्हणतो, तोच होता.

ॲपने मालकाची एक मोठी अडचण सोडवली आहे. पूर्वी त्याला ‘नाही’ म्हणावं लागायचं. तोंडाने, कोणाच्या तरी समोर. आता त्याला फक्त फोन उचलायचा नसतो. शब्द नाही, साक्षीदार नाही, पुरावा नाही. तुम्ही तक्रार कशाची करणार, न आलेल्या फोनची? आणि आपण स्वतःचीच समजूत घालतो: घर गेलं असेल, बिझी असेल. अपमान झाला की नाही हेसुद्धा कळू न देणारा हा नकार मला समोरासमोरच्या नकारापेक्षा जास्त घातक वाटतो.

ब्रोकर निदान बोलतो. ‘साहेब, ही सोसायटी चालणार नाही, वेळ घालवू नका.’ ऐकताना कानशिलं तापतात. पण कोणती सोसायटी, कोण सेक्रेटरी, नेमकी अडचण कोणाला, हे त्याला माहीत असतं, आणि त्याच्याशी वाद घालता येतो.

म्हणून मी ब्रोकरची आरती ओवाळतोय असं समजू नका. मी नाव सांगितल्याबरोबर ‘मग कोंढव्यात दाखवतो’ म्हणणारा पहिला ब्रोकर आपल्यातलाच होता. माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, हे त्याला मी दोनदा सांगितलं. ‘आपल्याला तिकडंच बरं पडतं, भाईजान.’ कोणाला बरं पडतं? ज्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे दार उघडत नाही, ते भाड्यावर घासाघीस करत नाही. मुसलमानांना आपल्या पसंतीच्या वस्तीत घर घेणं किंवा भाड्याने मिळवणं अवघड होत चाललंय, अशी नोंद सच्चर समितीने २००६ मध्येच केली. त्या अवघडपणावर चालणारी दुकानं आपल्या मोहल्ल्यातही आहेत, आणि त्यांना आपण ‘कौमची खिदमत’ म्हणू नये. ‘ओन्ली मुस्लिम फॅमिली’ असे बोर्ड लावणारे आपले घरमालक मी पाहिले आहेत. एकट्या मुलीला, बौद्ध कुटुंबाला ते तसंच परत पाठवतात. त्यांच्याबद्दल गप्प बसून आपल्याला काकांच्या निळ्या टिकांबद्दल बोलता येणार नाही.

कायदा काय म्हणतो? संविधानाचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख करतं, खाजगी भाड्याच्या घराचा नाही. रेरा कायद्याने एजंटला नोंदणी सक्तीची केली, पण ती विक्रीच्या व्यवहारांसाठी. भाड्याचं घर दाखवणारा ब्रोकर त्याच्या बाहेरच राहतो. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, सभासदत्व फक्त आपल्याच समाजापुरतं ठेवण्याची मुभा मान्य केली. घर विकत घेताना आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम २३ थोडं कामी येतं: पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. भाडेकरूच्या हातात तेवढंही नाही. कायदा बदलायला हवा ही मागणी आपण करायलाच हवी, आणि त्यासाठी दाखवायला नोंदी लागतील. न आलेले फोन कोणी मोजलेत का? मी ते पंचवीस नंबर वहीत लिहून ठेवले नाहीत याचा आज पस्तावा होतो. तारीख, वस्ती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, काय उत्तर मिळालं, नंतर जाहिरात किती दिवस राहिली. घर शोधणाऱ्या प्रत्येकाने एवढं जरी लिहिलं तरी पुष्कळ झालं.

मला घर शेवटी हडपसरच्या एका वयस्कर ब्रोकरने दिलं. त्याने माझ्यासमोर फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, ‘मॅडम, पार्टी मुस्लिम आहे, नवरा-बायको दोघं नोकरी करतात, चालतंय का बघा, नाहीतर मी दुसरं दाखवतो.’ पलीकडे काही क्षण शांतता. मग ‘या घेऊन’. ती शांतता मी ऐकली, तोही ऐकत होता. ॲपवर ती तिथेच संपली असती.

मामेभावाला मी त्याचा नंबर दिलाय. सोबत एक वहीही. एक महिन्याचं भाडं घेतो म्हणून तो अजून कुरकुरतोय. मीही दर वर्षी करार नवा करताना कुरकुरतो आणि देतो.